मास्तरांचे जोड

शिरोळमध्ये एक एस.टी. कंडक्टर राहत होते. त्यांची सगळी नोकरी कुरुंदवाड आगारात झाली. कंडक्टरला आपल्याकडं मास्तर म्हणतात, म्हणून गावातही सगळे त्यांना मास्तरच म्हणत.

मास्तरांचं लहानपण अनवाणी गेलं. वडिलांची पंचगंगेच्या अंगाला थोडी जमीन होती आणि घरात पायताणाचा एकच जोड होता. तो वडिलांचा. कुरुंदवाडच्या कारागिराकडून करून घेतलेला, जाड तळाचा, कातड्याच्या वादीनं शिवलेला. त्यात एकही खिळा नव्हता. बाजाराला, कचेरीत, पाहुण्याकडं जाताना वडील तो घालत. एरवी तो खुंटीला टांगलेला असे. थोरला भाऊ कामासाठी मिरजेला निघाला की तोच जोड घालून जाई आणि वडील त्या दिवशी अनवाणी रानात जात. आई त्याला अधूनमधून एरंडेल चोळून ठेवी. तळ झिजला की तळ बदलायचा, पट्टा तुटला की पट्टा. एवढ्यावर तो जोड वर्षानुवर्षं चालला.

धाकट्या पोराच्या पायाला मात्र तो कधी आला नाही. एप्रिलात डांबर तापलं की पोरगं शाळेला जाताना रस्त्याकडेच्या गवतातून चाले. गवत संपलं की पळत सुटे आणि पुढच्या झाडाच्या सावलीत उभं राहून एकेक तळपाय पोटरीवर घासून गार करी.

मोठेपणी एस.टी.त नोकरी लागली. पहिल्या पगारात मास्तरांनी बूट घेतले. दुसऱ्या पगारात चप्पल घेतली. मग ते थांबलेच नाहीत. कोल्हापूरला मुक्काम पडला की चप्पल लाइनीत चक्कर ठरलेली. कापशी घेतली, पुकारी घेतली, कच्छकडी घेतली, बक्कलनाळी घेतली. अथणीची बारीक वेणीची घेतली. पुण्याला ड्यूटी लागली तेव्हा लक्ष्मी रोडवरून तपकिरी बूट आणले. मुंबईहून जाड फेसाळ तळाचे पांढरे बूट आणले. वेबिल भरायची सवय हाताला होतीच. प्रत्येक खोक्याच्या झाकणावर ते बॉलपेननं गाव, तारीख आणि किंमत लिहीत.

घालायचे मात्र दोनच जोड. ड्यूटीचे काळे बूट आणि घरची रबरी स्लिपर. बाकीचे जपायचे. सुट्टीच्या दिवशी ते खोकी खाली उतरवत, एकेक जोड फडक्यानं पुसत, आत वर्तमानपत्राचा बोळा नीट बसवत आणि परत ठेवून देत. आधी कपाट भरलं. मग माळा भरू लागला. माळ्यावरची ज्वारीची पोती खाली सोप्यात आली.

मास्तरांच्या बायको दर पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला जात. एकदा परत आल्या तेव्हा मास्तर सोप्यात खोकी मांडून बसले होते. पोत्याशेजारी जागा करून त्या टेकल्या आणि म्हणाल्या, "अहो, नृसिंहसरस्वती महाराज बारा वर्षं वाडीत राहिले आणि जाताना पादुकांचा एक जोड ठेवून गेले. सगळा मुलूख त्यावर डोकं ठेवतो. तुम्हाला किती लागणार आहेत?"

मास्तर हसले. उत्तर त्यांच्याकडं नव्हतं.

ते निवृत्त झाले, तरी खरेदी सुटली नाही. २०१९ च्या जूनमध्ये पेपरात बातमी आली की कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांच्या कारागिरांचा तो मान होता. मास्तरांना इतका आनंद झाला की ते त्याच आठवड्यात कोल्हापूरला जाऊन आणखी दोन जोड घेऊन आले. त्या दिवशी खोक्यांत ९८ जोड झाले.

ऑगस्ट लागला आणि पाऊस थांबेना. कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा या चारही नद्या शिरोळ तालुक्यातल्या. चारही एकदम फुगल्या. धरणांतून पाणी सुटत होतं आणि पुढं पाणी सरकत नव्हतं. गावामागून गाव बेट होत गेलं. मास्तरांचं घर सखल बाजूला. संध्याकाळी पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं, तेव्हा घर सोडा म्हणून सांगावा आला.

मास्तरांनी आधी कपाटातली खोकी माळ्यावर चढवली. खाली बायको ज्वारीच्या पोत्याशी उभ्या होत्या.

"हे वर घ्या की."

मास्तरांनी वर पाहिलं. माळ्यावर हात घालायला जागा नव्हती.

"पाणी उंबऱ्याच्या आत येत नाही," ते म्हणाले. पोती सोप्यातच राहिली.

गुडघाभर पाण्यातून ते निघाले. पायात रबरी स्लिपर. चौकात पोचेपर्यंत एका स्लिपरचा अंगठा निसटला आणि चिखलानं ती ओढून घेतली. एका पायात घालून चालता येईना, म्हणून मास्तरांनी दुसरीही सोडून दिली. छावणीच्या शाळेत ते शिरले तेव्हा टाचेत काच गेली होती.

वर्गाच्या दाराशी एक जुनी चप्पल होती. ती एका शेतमजुराची. त्यानं पहिल्याच रात्री सगळ्यांना सांगून टाकलं, "ज्याला भाईर जायाचं, त्यानं घालायचं. परत हितंच ठेवायचं." बरेचजण चिखलात पायताण गमावून आले होते. रात्री-अपरात्री कुणी उठलं की ती चप्पल घालून जाई आणि येऊन पुन्हा जागेवर ठेवी. मास्तरही तीच घालून जात. त्यांच्या पायाला ती आखूड होती. टाच मागं चिखलात टेकायची. पण काच लागायची नाही.

आठवडा उलटून गेल्यावर पाणी हटू लागलं. राज्यभरातून मदतीच्या गाड्या आल्या. धान्य आलं, पाणी आलं, औषधं आली. माणसांनी माणसांसाठी पुष्कळ केलं, हे विसरता येणार नाही. पण काही ठिकाणी जुन्या कपड्यांची गाठोडी आली आणि रस्त्याकडेला ढीग पडले. अशाच एका ढिगाशेजारी बुटांचं पोतं फुटलेलं होतं. मास्तर खाली वाकले. लहान मुलाचा एक लाल बूट हाताला लागला. त्याचा जोडीदार त्यांनी पोतं उलटं करून शोधला. सापडला नाही. पोत्यातले बरेच बूट असे एकेकटेच होते. पाठवणाऱ्याच्या घरातली जागा मोकळी झाली होती, आणि इथं कुणाच्या पायात काही गेलं नव्हतं.

घर उघडलं तेव्हा सोप्यात मांडीएवढा गाळ होता. ज्वारीला कोंब फुटून ती कुजली होती. बायको काही बोलल्या नाहीत. पदर खोचून त्यांनी ती घमेल्यात भरून बाहेर टाकायला सुरुवात केली. एक घमेलं, दुसरं घमेलं. मास्तर शिडी लावून माळ्यावर चढले. खोकी कोरडी होती. एकालाही पाणी लागलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांना बरं वाटलं.

गाळ उपसायला पायात काहीतरी हवं, म्हणून त्यांनी मुंबईचे पांढरे बूट काढले. अकरा वर्षांपूर्वी घेतलेले, एकदाही न घातलेले. नाडी बांधून अंगणात उतरले. दहा-बारा पावलांत पाय ओला लागला. वळून पाहिलं तर चिखलात पांढरे तुकडे पडले होते. तळ गळून चालला होता. त्यांनी दुसरा जोड काढला. त्याचाही तळ बोटांनी दाबल्यावर भुगा झाला. मग कापशी काढली. तिच्यावर पांढरी-हिरवी बुरशी होती आणि वाकवल्यावर पट्टा कडकन मोडला.

एस.टी. स्टँडजवळ एक म्हातारबाबा पायताण शिवायला बसत. पूर ओसरल्यावर तिसऱ्याच दिवशी त्यांनी आपली पेटी पुन्हा मांडली होती. मास्तर त्यांच्यापुढं दोन खोकी घेऊन बसले.

बाबांनी पांढऱ्या तळाचा तुकडा चिमटीत धरून कुस्करला. "ह्यो फोम हवेतली ओल पितोय, मास्तर. खोक्यात कोंडला की आतल्या आत कुजतोय. रोज घातला असता तर वारं लागलं असतं, ओल निघून गेली असती."

"आणि हे? हे तर कातडं आहे."

बाबांनी कापशी उलटी केली. रापीच्या टोकानं बुरशी खरवडली. "हिरडा आणि बाभळीच्या सालीत मुरवल्यालं कातडं. बापजाद्यांनी केल्यालं काम, लई टिकतंय. पण त्याला तेल पायजे, पायाचा घाम पायजे, ऊब पायजे. पायाशिवाय कातडं वाळतंय आणि मोडतंय." जोड बाजूला ठेवून ते म्हणाले, "घरात किती हायती असली?"

मास्तरांनी आकडा सांगितला. बाबा हसले नाहीत. आरी हातात घेऊन ते समोरच्या गिऱ्हाईकाच्या चपलेकडं वळले.

संध्याकाळी थोरले भाऊ गाळ काढू लागायला आले. अंगणात खोक्यांचा ढीग बघून पायरीवर बसले. त्यांचं रान एकेकाळी क्षारपड झालेलं. नदीवरून पाणी आलं तेव्हा शिरोळ भागात उसाला पाणी पाजायला कुणी हात आखडला नाही. जमीन पिईल त्याहून जास्त पाजलं. काही वर्षांत रानावर पांढरं मीठ फुललं आणि ऊस पिवळा पडून बसला. पुढं दत्त साखर कारखान्यानं पुढाकार घेतला. शेतकऱ्यांनी जमिनीखाली भोकाचे पाइप घालून जादा पाणी चरात काढलं आणि पडीक रानांत पुन्हा पीक उभं राहिलं. भाऊही त्यातलेच एक.

"पाणी काय वाईट होतं व्हय?" भाऊ म्हणाले. "चांगलंच होतं. पण आलं त्ये जाईना. साठलं, म्हणून मीठ वर आलं. निचरा काढला तवा रान जितं झालं. तुझ्या घराचा बी निचरा काढ आता."

मास्तर रात्रभर जागे होते. सकाळी त्यांनी सगळी खोकी अंगणात उघडली. आधी मनात आलं, पोत्यात भरावं आणि देऊन टाकावं. पण लाल बूट आठवला. ते उठले आणि बाबांना घरी घेऊन आले.

बाबांनी एकेक जोड वाकवून पाहिला. २१ जोड गेलेले होते. त्यांचे बक्कल, नाड्या आणि चांगले पट्टे बाबांनी कापून घेतले. ७७ जोड उरले. "ह्यांस्नी तेल पाजू, शिवण बघू, मग कुणाला द्यायचं ते द्या," बाबा म्हणाले. मजुरी किती, हे मास्तरांनी आधी ठरवलं आणि तेवढी दिली. देण्याच्या कामात कारागिराचं काम फुकट धरायचं नसतं, एवढं त्यांना कळत होतं. दुरुस्त झालेला प्रत्येक जोड बाबांनी वादीनं एकमेकाला बांधला. पुन्हा कुणी एकटं पडायला नको.

ढिगाच्या तळाशी खोकं नसलेलं एक फडकं निघालं. आत वडिलांचा जोड होता. आईच्या मागं मास्तरांनीच तो ठेवून दिला होता आणि पुढच्या खरेदीत तो खाली दबत गेला होता. कातडं लाकडासारखं कडक झालं होतं. बाबांनी शिवणीवरून अंगठा फिरवला. "कुरुंदवाडचा हात हाय," ते म्हणाले. चार दिवस त्यांनी त्याला एरंडेल पाजलं, नवा तळ लावला, पट्टा बदलला. मास्तरांनी पाय घातला. वडिलांचा पाय आणि त्यांचा पाय एकाच मापाचा होता. हे त्यांना साठी उलटल्यावर कळलं.

कोल्हापुरी जोडांतले काही नात्यात गेले, काही आगारातल्या जुन्या सोबत्यांना गेले, काही बाबांनी आपल्या पेटीवर विकून दिले. पैसे मास्तरांनी वेगळ्या डब्यात ठेवले.

त्या वर्षी गाळप हंगाम उशिरा सुरू झाला. नोव्हेंबर सरताना बीडकडच्या ऊसतोड टोळ्या आल्या आणि माळावर कोप्या उभ्या राहिल्या. नवरा-बायकोच्या जोडीला तिथं एक कोयता म्हणतात. नवरा ऊस तोडतो, बायको पाचट काढते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन ट्रकवर चढवते. तोडलेल्या उसाचा बुडखा जमिनीतून तिरका वर राहतो आणि भलता टोकदार असतो. अशा रानात ही माणसं तुटक्या स्लिपरवर दिवस काढतात.

मास्तर आणि त्यांच्या बायको बुटांची पोती घेऊन टोळीवर गेले. मुकादमानं माणसं बोलावली. पुरुष पुढं झाले. मास्तरांच्या मापाचे म्हणजे आठ नंबरचे बूट काहींना झाले, काहींना घट्ट झाले. बाया मागं उभ्या होत्या. त्यांच्या पायाचं पोत्यात काहीच नव्हतं. एकीच्या पायाला चिंधी गुंडाळलेली होती. बुडखा तळव्यात घुसला होता. तिच्या पायात पुरुषी स्लिपर होती, सुतळीनं घोट्याला बांधलेली.

मास्तरांनी खाली वर्तमानपत्र अंथरलं. "ताई, माप द्या. तुमच्यासाठी आणतो."

ती मागं सरकली. वडीलधाऱ्या माणसापुढं कागदावर पाय कसा ठेवायचा, हे तिला सुचेना. मास्तरांच्या बायकोंच्या ते ध्यानात आलं. त्यांनी मास्तरांना बाजूला व्हायला सांगितलं, स्वतः खाली बसल्या, तिचा पाय हातानं उचलून कागदावर ठेवला आणि पेन्सिलीनं भोवती रेघ ओढली. टाचेच्या भेगांत पेन्सिल अडकत होती. मग दुसरी पुढं आली, मग तिसरी. मास्तर लांब उभं राहून प्रत्येक मापावर नंबर आणि कोपीची खूण लिहीत राहिले.

डब्यातले पैसे कमी पडले. थोडे पेन्शनीतले घातले. जयसिंगपूरच्या बाजारातून बायकी मापाचे जाड तळाचे बंद बूट आले. पुन्हा फेरी झाली. चिंधी बांधलेल्या बाईनं बूट घातले, रानाच्या कडेपर्यंत गेली, बुडख्यावर पाय दाबून पाहिला आणि परत आली.

"बसतोय का?" मास्तरांच्या बायकोंनी विचारलं.

"बसतोय, मावशी," ती म्हणाली आणि मोळी उचलायला गेली.

माळा रिकामा झाला. मास्तरांकडं तीन जोड राहिले. चालायला एक बूट, घरात एक स्लिपर आणि बाहेर जाताना वडिलांचं पायताण. तिन्ही रोजच्या वापरात.

मला या गोष्टीत मास्तरांचा दोष कमी दिसतो आणि दुखणं जास्त दिसतं. रस्त्याकडेच्या गवतातून पळणाऱ्या त्या पोरासाठी मास्तर जन्मभर जोड घेत राहिले. घेतले, पण त्या पोराच्या पायात एकही घातला नाही. सगळे खोक्यात ठेवले. भीती अशीच असते. ती भरून ठेवते आणि वापरू देत नाही, आणि शेवटी चालणारा माणूस अनवाणीच राहतो. ती मोडली कधी, तर दुसऱ्याच्या पायाचं माप घ्यायला घरची बाई जमिनीवर बसली तेव्हा. घरातली जागा मोकळी करण्यासाठी देणं वेगळं आणि समोरच्या पायाला बसेल असं देणं वेगळं. दोन्हींतलं अंतर मास्तरांना रस्त्यावरच्या एका पोत्यानं दाखवलं.

जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा चढलं. सांगावा यायच्या आधीच मास्तरांनी शिडी लावली. पहिल्यांदा ज्वारीची पोती वर गेली. मग शेजारच्या म्हातारीची तांदळाची कोठी गेली. पलीकडच्या घरातलं शिलाई मशीन चौघांनी मिळून चढवलं. त्या घरातल्या पोरीची पुस्तकं गेली. गल्लीत बातमी पसरली आणि माणसं डोक्यावर गाठोडी घेऊन दारात उभी राहिली. मास्तर पायात बूट घालून, नाड्या घट्ट बांधून माळ्याच्या तोंडाशी वाकून सामान घेत होते.

"मास्तर, आणखी जागा हाय का?" खालून कुणीतरी ओरडलं.

"हाय की!" मास्तर म्हणाले. "आतली पोती जरा पुढं सरकवतो. द्या वर."